सुलटं इवायाचं, उलटं माझं

नातीला कोणी विचारलं, बाई तू एवढी कशी शिकली, तर तिचं उत्तर ठरलेलं आहे. "नानाजींनी पाढे घेतले, नानाजींनी गणित लावलं." नानाजी म्हणजे माझा इवाई, माझ्या सुनेचा बाप. यवतमाळला हेडमास्तर होता, आता रिटायर आहे. उत्तर खोटं आहे असं मी म्हणत नाही. अर्धं आहे म्हणतो. राहिलेलं अर्धं आमच्या शिवारातल्या विहिरीत आहे, अन् ते ती कोणापाशी बोलत नाही.

तिनं एकदा तरी चार लोकांत म्हणावं की आबानं शिकवलं. मला बाकी काही नको होतं. मी तिसरी शिकलेला माणूस. लिहायची सवय म्हातारपणी लावून घेतली, ती पण ईर्षेनंच. इवाई लिहितो, मग मी काहून नाही?

शाळा सुटल्यावर मी पाण्यातच वाढलो. बाभुळगावच्या आसपास कोणाची बादली विहिरीत गेली, लग्नघरचा हंडा बुडाला, मोटरीचा फुटबॉल, म्हणजे पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह, गाळात रुतला, की माणूस मला बोलवायला यायचा. मी डुबकी मारायचो अन् वस्तू घेऊनच वर यायचो. रिकाम्या हातानं वर आलो असं झालं नाही. झालं असलं तरी मी सांगणार नाही. गावातल्या अर्ध्या लोकांना पोहणं मी शिकवलं. आमची पद्धत साधी. तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, त्याचं तोंड डांबरानं बुजवायचं, तो पोराच्या पाठीवर दोरीनं आवळायचा अन् पोराला पायरीवरून ढकलायचं. रडलं तर रडू द्यायचं. चारआठ दिवसांनी डबा सोडायचा.

नात दहा महिने यवतमाळला इवायाच्या घरी राहायची, तिकडं शाळा चांगली म्हणून. उन्हाळ्याचे दोन महिने माझे. त्या दोन महिन्यांत मी तिच्या पाठीवर डबा बांधला. पोरगी भीत नव्हती, पण पुढंच सरकत नव्हती. दोन्ही हात उघडायची अन् तसेच मिटायची. उघडले की थोडी पुढं, मिटले की थोडी मागं. तोंड लाल झालं होतं.

"आबा, मी जातच नाही."

मी तिच्या बाजूला पाण्यात उभा होतो. म्हटलं, "हात नेतानी पंजा कापून ने, सुरीसारखा. आणतानी पसरून आण, सुपासारखा. जातानी येक वाट अन् येतानी दुसरी. तसाच नेला अन् तसाच आणला, तर जाशीन कुठं तू?"

तिनं करून पाहिलं अन् समोरच्या भिंतीला जाऊन टेकली. भिंतीला हात लागला तेव्हा तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं होतं. तसं तिनं इवायाकडं कधी पाहिलं असेल, असं मला वाटत नाही.

आता ती बंगलोरला आहे अन् पदार्थाचं शास्त्र करते. कोणत्या पदार्थाचं, हे मी तिला फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, "जे धड पाणी नाही अन् धड दगड नाही त्याचं. दही, चिखल, साबणाचा फेस, रक्त. अन् त्यात पोहणारे बारीक जीव."

"मंग तू ते जीव पाह्यतं कुठं?"

"मी पाहत नाही आबा. मी कागदावर हिशेब करते. पाहणारे दुसरे."

न पाहता पोहण्याचा हिशेब. मी फोन ठेवला. फोनवर भांडण नीट होत नाही.

मागच्या हिवाळ्यात ती महिनाभर घरी आली. आमच्या तालुक्याच्या कॉलेजानं तिला भाषणाला बोलावलं होतं. ती आली तसा दुसऱ्याच दिवशी इवाई पण आला, बॅग घेऊन, राहायच्या तयारीनं. पोरगी माझ्या घरी आलेली, तरी हा माणूस तिथं हजर. सकाळी मी गोठ्यातून येऊन पाहतो तर ओट्यावर दोघं बसलेले, मधात कागद, अन् इवायाचा चष्मा कागदाला टेकलेला. मी पण जाऊन बसलो. ओटा माझाच आहे.

"काय करून राह्यले?" मी विचारलं.

"आबा, माझे पोहणारे इतके बारीक आहेत की केसाच्या जाडीत कितीतरी मावतील," नात म्हणाली. "एवढ्या बारीक जीवाला पाणी आपल्यासारखं लागत नाही. तुम्हाला काकवीच्या कढईत टाकलं तर कसं लागेल, तसं त्यांना पाणी लागतं."

"मले कायले काकवीत टाकतं?"

"समजा, आबा."

"हेडमास्तरले टाक."

इवाई हसला. त्याचं हसणं पण शाळेतलं आहे, आवाज न करता. "टाका मला," म्हणाला, "मला तर पाण्यातही पोहता येत नाही."

नात पुढं सांगू लागली. आपण पाण्यात हात मारून थांबलो तरी शरीर थोडं घसरत पुढं जातं. त्या जीवांचं तसं नाही. हलणं थांबलं की जागच्या जागी उभं. अन् एखादा जीव शिंपल्यासारखा नुसता उघडमीट करत राहिला, तर जिंदगीभर तिथंच राहील. उघडताना जेवढा पुढं तेवढाच मिटताना मागं.

"हळू उघडला अन् जोरानं मिटला तर?" मी विचारलं.

"तरी तेवढाच."

"जोरानं मारला तर जाईनच. मी पाण्यात म्हातारा झालो, मले नको सांगू."

"विहिरीत जाईल आबा. त्यांच्या जगात नाही."

"इवाईबुवा, हे गणितानं सिद्ध झालेलं आहे," इवाई म्हणाला.

"गणितानं बुडालेली बादली निंघते काय?"

"नाही."

"मंग."

तेवढ्यात नात जे बोलली ते ऐकून माझा चहा हातातच राहिला. ती म्हणाली, "म्हणून त्यांना जाताना एक हालचाल अन् येताना दुसरी करावी लागते. वाट बदलली तरच पुढं सरकणं आहे. माझं सगळं काम याच्यावरच आहे."

हे माझं बोलणं होतं. विहिरीतलं, डबा बांधलेल्या पोरीला सांगितलेलं. मी तिच्याकडं पाहत राहिलो, आता म्हणेल, आता म्हणेल. तिनं मान खाली घातली, कागदावर बाण काढला अन् तो कागद इवायापुढं सरकवला. इवाई म्हणाला, "वा." माझ्या ओट्यावर बसून, माझ्या बोलण्याला वा म्हणाला, अन् वा घेणारी दुसरीच.

मी उठून गोठ्यात गेलो. काम काही नव्हतं.

कॉलेजात दाखवायला तिनं एक खेळ तयार केला होता. काचेची मोठी बरणी, तिच्यात मधोमध काचेचा उंच गिलास, वर लाकडी झाकण. झाकणातून एक दांडा गिलासाला जोडलेला, तो फिरवला की गिलास फिरायचा. सुताराकडून झाकण मी आणून दिलं. बरणी अन् गिलासाच्या मधल्या जागेत ग्लिसरीन भरायचं, मेडिकलमध्ये मिळतं ते. त्यात सुईनं लाल रंगाचा एक थेंब सोडायचा. दांडा सुलटा फिरवला की थेंब ताणला जातो, सुतासारखा होतो अन् मग दिसेनासाच होतो. आता तेवढाच उलटा फिरवला की थेंब होता तिथं, होता तसा परत येतो. असं ती म्हणाली. आधी करून दाखव म्हटलं तर म्हणे, कॉलेजातच पाहा.

"सुलटं नानाजी फिरवतील अन् उलटं आबा," तिनं ठरवून टाकलं.

हे मला तिथंच लागलं. आमच्या घरी जातं होतं तेव्हा माझी माय जातं उलटं फिरवू देत नव्हती. पोरांनी खेळात फिरवलं तर हातावर फटका बसायचा. उलटा फेरा मयताचा, जित्या घरात तो नसतो. इवायाच्या हाती सुलटं अन् माझ्या हाती मयतीचा फेरा. म्हटलं लोकांत पाहू. लोकांत ती माझ्याबद्दल काय बोलते ते आधी ऐकू.

कॉलेजचा हॉल पोरापोरींनी भरला होता. आम्ही दोघं म्हातारे पहिल्या ओळीत. मी पांढरं धोतर काढलं होतं अन् बुढीनं, माझ्या बायकोनं, टोपीला इस्त्री केली होती. नात बोलली ते चांगलंच बोलली. पोरं मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. काकवीचं सांगितलं, शिंपल्याचं सांगितलं, जाताना एक वाट अन् येताना दुसरी ते पण सांगितलं. मी खुर्चीत पुढं सरकलो. ती पुढच्या चित्रावर गेली.

मग तिनं आम्हाला वर बोलावलं.

"हे माझे नानाजी. माझं गणित यांच्यामुळं. परकर घालायच्या वयात यांनी मला अपूर्णांक शिकवले." टाळ्या. इवायानं हात जोडले.

"अन् हे माझे आबा."

एवढंच. टाळ्या झाल्या, पण त्या मागून आलेल्या, अशाच.

इवायानं दांडा सुलटा फिरवला. थेंब लांबला, वळला, बारीक झाला अन् गेला. राहिली नुसती गुलाबी झाक. पोरं पुढं येऊन वाकून पाहू लागली.

"आता आबा उलटं फिरवतील अन् थेंब परत येईल," नात म्हणाली.

मी दांड्याला हात घातला. मायचा फटका आठवला हे खरं. आतून जळत होतो हे पण खरं. दोन्हीत जास्त काय होतं ते मी तोलून पाहिलं नाही अन् पाहणारही नाही. मी दांडा सुलटाच फिरवला. जातं ओढावं तसा दणादणा.

"आबा, उलटं," नात हळूच म्हणाली.

"सुलटं मले बी येते."

मागची पोरं हसली. गुलाबी झाक पण विरली अन् बरणीत काहीच राहिलं नाही. नात माइक धरून उभी. तिला काय बोलावं सुचत नव्हतं, अन् खरं सांगतो, तेवढा वेळ मला बरं वाटलं.

तो वेळ पण इवायानं ठेवला नाही. त्यानं तिच्या हातातून माइक घेतला अन् म्हणाला, "पोरांनो, शास्त्र सांगतं की थेंब परत येतो. आमच्या इवाईबुवांनी दाखवलं की त्याला आणणारा राजी पाहिजे." सगळा हॉल हसला अन् सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याला पडल्या. खेळ मी मोडला अन् नाव त्याचं झालं. हेडमास्तराशी लोकांत भांडू नये. जागा त्यांची असते.

घरी येताना बरणी माझ्या मांडीवर होती. मुलाची गाडी खड्ड्याखड्ड्यातून हिंदकळत होती. इवाई समोरच्या सीटवर डोळे मिटून बसला होता, बोलायचं टाळायला की दमून, माहीत नाही.

घरी बुढीला कळायला वेळ लागला नाही. "पोरीच्या कामात खोडा घातला म्हणे तुमी," ती म्हणाली.

"मले उलटं काहून देलं?"

"तुमाले सुलटं देलं असतं तं म्हनले असते, मले आधी काहून देलं."

मी जेवलो नाही. दुपारी इवाई आत झोपला तेव्हा नात ओट्यावर माझ्याजवळ आली. बरणी तिनं मधात ठेवली. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं, मी पण चिडलो असतो. ती चिडली नव्हती.

"आबा, उलटं तुमच्याकडं काहून दिलं सांगू?"

"सांग."

"सुलटं कसंही फिरवलं तरी चालतं. हळू, जोरानं, थांबून थांबून. पण उलटं फिरवताना झाकणावरच्या खुणेवर नेमकं थांबावं लागतं. थोडं इकडंतिकडं झालं की थेंब फाटतो. नानाजींचा हात थरथरतो. तुमचा थरथरत नाही."

मी माझ्या हाताकडं पाहिलं. नाही थरथरत.

"मंग हे आधी सांगाचं."

"नानाजींसमोर? त्यांचा हात थरथरतो म्हणून?"

मी दांडा धरला अन् म्हटलं, आता फिरवतो. किती उलटं फिरवायचं ते मलाच माहीत नव्हतं, कारण कॉलेजात किती सुलटं फिरवलं ते मी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, हळूहळू फिरवत राहा, मी पाहते. मी फिरवत राहिलो. खूप वेळानं एका जागी गुलाबी डाग जमल्यासारखा झाला. थेंब नाही, थेंबाच्या जागी कोणीतरी बोट पुसल्यासारखं.

"बस आबा. याच्यापेक्षा जास्त आता येणार नाही."

"मी बरोबर फिरवलं."

"बरोबरच फिरवलं. पण रस्त्यावर गचके बसले. अन् रंगाचे कण असतात ना, ते कोणी न ढवळता आपले आपले हलत राहतात. ती वाट कोणालाच उलटी फिरवता येत नाही. सूत जाड असतं तर चाललं असतं. तुम्ही त्याला फार बारीक केलं."

मी दांडा सोडला. जे विचारायचं होतं ते विचारलं.

"हात नेतानी पंजा कापून न्याचा अन् आणतानी पसरून आणाचा. हे तुले कोणी सांगतलं?"

तिनं जरा विचार केला. तिला विचार करावा लागला, हे मी पाहिलं. "तुम्ही," म्हणाली. "विहिरीत. डबा बांधला होता तेव्हा."

"मंग तथी कॉलेजात काहून नाई बोलली? तुह्यं सारं काम त्याच्यावरच हाय म्हणतं ना तू?"

तिनं बरणी जरा बाजूला सरकवली. मग म्हणाली, "आबा, मला आठवलंच नाही. नानाजींनी शिकवलेलं मी विसरते, पुन्हा पुन्हा काढून पाहते, म्हणून त्यांचं नाव तोंडात असतं. पोहणं मी एकदाही विसरले नाही. मग ते आठवणार कधी?"

बोलणं गोड होतं. बंगलोरला असं बोलायला पण शिकवत असतील. मी मान हलवली, पण मला ते पुरलं नाही. विसरली नाही तर नाही. लोकांत एक वाक्य बोलायला तिचं काय गेलं असतं? मी हे तिला म्हटलं पण. ती म्हणाली, "आता म्हटलं तर तुम्ही म्हणायला लावलं म्हणून म्हणेन." हे पण बरोबर होतं. हिच्याशी जिंकता येत नाही. गणित इवायाचं असेल, अडून बसणं माझं आहे.

चार दिवसांनी ती गेली. इवाई तिला नागपूरपर्यंत सोडायला गेला. कशासाठी? तिला काय नागपूर माहीत नाही? बरणी जड म्हणून ती ठेवून गेली.

मी ती धुतली. तालुक्याला गेलो अन् मेडिकलमधून ग्लिसरीन आणलं. दुकानदार म्हणाला, "बाबा, ओठ फुटले काय?" मी म्हटलं, हो. सुई जनावराच्या डॉक्टरची होती ती घेतली. लाल रंग बुढीच्या जिलबीच्या डबीतला. पाण्यात कालवला तर थेंब वर तरंगत निघाला. मग नातीनं केला होता तसा ग्लिसरिनातच कालवला. पहिल्यांदा सुई काढतानाच थेंब ओढला गेला. दुसऱ्यांदा गिलास वाकडा बसला. ओट्यावर भर दुपारी मी हे करत बसलेला पाहून जाणारे लोक विचारायचे, काय करून राह्यले बुढेबुवा. मी सांगायचो, दवाई.

मायचा फटका तेव्हाही आठवला. पण जातं पिठाचं असतं. हे जातं नाही, असं मी मनाशी ठरवलं. माझ्या ओट्यावर मी ठरवू शकतो.

एक दिवस सुलटं फिरवलं, थेंब गेला. खूण पाहिली, श्वास धरला, डुबकी मारताना धरतो तसा, अन् उलटं फिरवलं. आधी झाक आली. मग सूत आलं. सूत आखूड झालं, गोळा झालं, अन् खुणेवर हात थांबला तेव्हा लाल थेंब होता तिथं उभा. मी विहिरीतून पुष्कळ वस्तू वर आणल्या. पण जी वस्तू राहिलीच नव्हती ती कधी आणली नव्हती.

मी बुढीला हाक मारली. ती हात पुसत आली अन् बरणीत वाकून पाहिलं.

"काय झालं?"

"थेंब परत आणला."

"आधी बी असाच होता ना?"

"आधी होता. मंग गेला. मंग मी आणला."

"हो काय," म्हणाली अन् आत गेली. तिची चूक नाही. जाताना पाहिला नसेल तर परत आलेला कसा ओळखणार. मला समजलं की हे कोणाला सांगायचं तर दोघांनाच सांगता येतं, अन् त्यातल्या एकाला मी सांगणार नव्हतो.

रविवारी नातीचा फोन आला. मी बुढीच्या हातातून घेतला.

"थेंब आणला मी."

तिकडं खुर्ची सरकली. मग तिचा आवाज बदलला. घरच्या माणसाशी बोलतो तसा नाही, कामाच्या माणसाशी बोलतो तसा. "कडा कशा होत्या आबा? नीट होत्या की शेपूट होती?"

"येका बाजूनं बारीक शेपूट."

"कोणत्या बाजूनं? गिलासाच्या की बरणीच्या?"

"गिलासाच्या."

"थांबा, थांबा. हे मला लिहून घेऊ द्या." कागदाचा आवाज आला. तिनं आणखी काय काय विचारलं, किती हळू फिरवलं, मधात थांबलो काय, थेंब केवढा होता, अन् मी एकेक सांगत गेलो. एवढं तिनं मला विहिरीतही कधी विचारलं नव्हतं. मग ती म्हणाली, "आबा, एक मिनिट. नानाजींनाही लाइनवर घेते, हे त्यांना ऐकू द्या."

मी काही म्हणायच्या आत फोनात टुकटुक झालं, तिनं तिकडं त्याला थेंबाचं सांगितलं असेल, अन् इवायाचा खोकला आला. "नमस्कार इवाईबुवा. काय म्हणता, थेंब आला?"

"तुमी जरा थांबा," मी म्हटलं. "तिनं मले विचारलं हाय. माह्यं सांगून होऊ द्या."

इवाई थांबला. मी शेपटीचं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, सावकाश.